स्कोअर ६४१ आणि परत आलेली घरकर्जाची फाईल

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३३, चिंचवडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, हातात पगार ४६,०००. तळेगावला फ्लॅट बघून बिल्डरला एक लाख टोकन दिलं. २५ लाखांच्या घरकर्जाची फाईल बँकेने ‘सिबिल कमी आहे’ एवढंच सांगून परत केली. स्कोअर ६४१. त्यानंतर घाबरून तीन आठवड्यांत सात ठिकाणी ऑनलाइन अर्ज केले, सगळीकडून नकार. आता एक एजंट म्हणतो, ८,००० द्या, पंधरा दिवसांत ७५० करून देतो. ‘माझे सगळे हप्ते आज वेळेवर आहेत, मग स्कोअर का वाढत नाही? आणि एजंटला पैसे देऊ का?’

एजंटला पैसे देऊ नका. पॅन, आधार किंवा ओटीपी दिला असेल तर आजच त्याच्याशी बोलणं थांबवा. क्रेडिट अहवालातली, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या इतिहासातली, नोंद फक्त ज्या बँकेने किंवा फायनान्स कंपनीने ती पाठवली तीच बदलू शकते. हा अहवाल आणि स्कोअर तयार करणारी सिबिलसारखी कंपनीसुद्धा कर्ज देणाऱ्याने होकार दिल्याशिवाय एक आकडा हलवू शकत नाही. एजंट फार तर तुमच्या नावाने तक्रारींचा मारा करेल. ती तक्रार तुम्हाला स्वतःला फुकट करता येते.

आता मूळ मुद्दा. मी तेवीस वर्षं सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली, त्यातली शेवटची नऊ मंजुरीच्या टेबलावर. फाईल आली की मी स्कोअर सगळ्यात शेवटी बघायचो. आधी बघायचो ‘सेटल्ड’ (तडजोडीने कमी पैशांत मिटवलेलं) किंवा ‘रिटन ऑफ’ (बँकेने बुडीत धरलेलं) असा शब्द कुठे आहे का, मग गेल्या बारा महिन्यांतले उशीर, मग अलीकडे किती ठिकाणी अर्ज केलेत. एवढं वाचलं की स्कोअर काय असेल याचा अंदाज यायचाच. तुम्ही अहवालाची पानं जोडलीत हे फार बरं केलंत. ६४१ या आकड्याकडे बघून काहीच करता येत नाही. त्याच्या खालच्या ओळींकडे बघून मात्र बरंच करता येतं.

तुमच्या अहवालात मला पाच गोष्टी दिसतात. त्यातली एक तुम्ही प्रश्नात लिहिलेलीच नाही, बहुधा तुम्हाला ती माहीतही नसावी. तिथूनच सुरू करतो.

चौथ्या पानावर मोबाइलचं कर्ज आहे, १८,००० रुपयांचं. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणून दुकानात दहा मिनिटांत झालेलं असणार. लोकांना वाटतं आपण फोन हप्त्यावर घेतला. कागदावर मात्र ते फायनान्स कंपनीचं रीतसर कर्ज असतं आणि घरकर्जासारखंच अहवालात उमटतं. या खात्यावर मुद्दल शून्य आहे, पण थकीत रक्कम ५९० रुपये आणि खातं अजून चालू. खालचे महिन्यांचे चौकोन बघा. प्रत्येक चौकोनात तीन आकडे असतात. हप्ता किती दिवस थकलाय त्याचा तो हिशोब, त्याला डीपीडी म्हणतात. ००० म्हणजे वेळेवर. तुमचे पहिले अकरा चौकोन ०००, मग ०३०, ०६१, ०९१ असं चढत चढत गेल्या महिन्यात ५४० झालंय.

काय झालं असेल ते मी न विचारता सांगतो, कारण असं शेकडो फायलींत पाहिलंय. शेवटचा हप्ता खात्यात पैसे नसल्याने बाउन्स झाला. तुम्ही दोन दिवसांनी हप्ता ऑनलाइन भरलात आणि विषय संपला असं समजलात. पण बाउन्सचे ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९० तसेच राहिले. ५९० रुपयांसाठी दीड वर्ष तुम्ही कागदावर थकबाकीदार आहात. ‘माझे सगळे हप्ते वेळेवर आहेत’ हे तुम्ही मनापासून लिहिलंय, आणि तरीही बँकेच्या पडद्यावर चित्र वेगळं आहे ते यामुळे.

हे आज भरा. भरताना कंपनीच्या अधिकृत अ‍ॅपवरून किंवा शाखेत भरा, पावती ठेवा, आणि त्याच दिवशी ईमेलने दोन गोष्टी मागा: नो ड्यूज प्रमाणपत्र, आणि खातं ‘क्लोज्ड’ म्हणून कळवल्याची खात्री. बाउन्सचं शुल्क चुकीने लागलं असेल, म्हणजे खात्यात पैसे असताना हप्ता परत गेला असेल, तर बँक स्टेटमेंटचं ते पान जोडून जुने उशीर दुरुस्त करायला सांगा. तसं नसेल तर खोटं काही लिहू नका. बंद झालेल्या खात्यातला जुना उशीर दिवसेंदिवस मागे पडत जातो. चालू खात्यातला उशीर मात्र रोज वाढतो, म्हणून तो आधी थांबवायचा.

दुसरी गोष्ट भावाची. तिच्यावर जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त चांगली माणसं इथेच अडकतात.

२०१९ मध्ये चुलत भावाला दुकानासाठी गावच्या सहकारी बँकेतून पाच लाख मिळाले, तुम्ही जामीनदार. ते खातं तुमच्या अहवालातही आहे, बाजूला ‘गॅरंटर’ असं लिहिलेलं. त्याचे चौकोन वाचा: ०००, ०३४, ०००, ०६१, ०३१, ०००. भाऊ पैसे बुडवत नाहीये, फक्त दुकानात पैसा आला की भरतो. त्याच्या दृष्टीने तो प्रामाणिक आहे आणि ते खरंही आहे. पण प्रत्येक उशिरासरशी तुमच्या नावाला डाग लागतोय.

जामीन म्हणजे ओळख पटवण्याची सही, असं गावात आजही मानतात. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराची मालमत्ता विकावी आणि मग जामीनदाराकडे यावं, असा क्रम कायद्याने बांधलेला नाही. सहकारी संस्थेचं कर्ज असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो आणि तो जामीनदारावरही निघतो.

एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले एक शिक्षक माझ्या टेबलासमोर बसले होते, मुलीच्या लग्नासाठी अडीच लाख हवे होते. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी एकदाच कर्ज काढलं होतं, स्कूटरसाठी, आणि तेही वेळेआधी फेडलेलं. अहवालात तीन जामीनकी निघाल्या, तिन्ही शाळेतल्या सहकाऱ्यांच्या, त्यातल्या दोन थकलेल्या. मी कागद त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि बराच वेळ त्या ओळींवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, ‘स्टाफरूममध्ये फॉर्म पुढे आला, मी नाही कसं म्हणणार?’ त्यांची फाईल मला मंजूर करता आली नाही. त्या दिवसापासून जामीनदार म्हणून सही करायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी खुर्चीवर बसवून हे समजावून सांगायचो, कर्जदाराला बाहेर थांबवून.

तुमच्या हातात काय आहे? जामीन परत घेतो म्हणून नुसतं पत्र देऊन तुम्ही मोकळे होत नाही. मुदतीचं कर्ज एकदा उचललं की बँकेने लेखी मान्यता दिल्याशिवाय जामीनदार सुटत नाही. ती मान्यता बहुधा दुसरा सक्षम जामीनदार किंवा तारण दिल्यावरच मिळते. भावाला विचारून बघा. दागिने, ठेव, एलआयसीची पॉलिसी असं काही ठेवता येत असेल तर अर्ज करायला हरकत नाही. पण खरा उपाय साधा आहे. हप्त्याची तारीख ५ असेल आणि दुकानाची उधारी १० ते १५ दरम्यान वसूल होत असेल, तर बँकेला अर्ज करून तारीख १८ करून घ्या. सहकारी बँका कर्जदाराचं ऐकतात, शाखाधिकाऱ्याला समोर बसून कारण सांगावं लागतं इतकंच. मग खात्यातून आपोआप कपातीची सोय करा आणि एक हप्ता कायम शिल्लक राहील एवढे पैसे त्या खात्यात ठेवायला सांगा. तो हप्ता सुरुवातीला तुम्ही उसना दिलात तरी चालेल. घरकर्ज मिळेपर्यंत दर महिन्याच्या १७ तारखेला भावाला फोन करा. वाईटपणा वाटेल, पण भांडण टाळायचं असेल तर हा फोनच टाळतो. आणि एखादा हप्ता तुम्हाला भरावाच लागला तर स्वतःच्या खात्यातून भरा, रोख नको. जामीनदाराने भरलेले पैसे कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क कायद्याने त्याला आहे, फक्त पुरावा लागतो.

तिसरी गोष्ट, सेटल केलेलं कार्ड. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये घरात आजारपण होतं, पगार अर्धा झाला होता, कार्डाची थकबाकी ६८,००० पर्यंत गेली. वसुलीच्या माणसाने ‘३१,००० द्या, विषय संपवू’ म्हटलं आणि तुम्ही कुठूनतरी उभे करून दिलेत. त्या दिवसांत तुम्ही केलं त्यात काही चूक नव्हती. फक्त तुम्हाला कुणी सांगितलं नाही की विषय संपला तो वसुलीचा. अहवालात ‘सेटल्ड’ लिहिलं जातं आणि मंजुरीच्या टेबलावर त्याचा अर्थ होतो: या ग्राहकाकडून बँकेला ३७,००० सोडावे लागले.

त्या बँकेला पत्र लिहा, शाखेत नाही, कार्ड विभागाच्या तक्रार निवारण पत्त्यावर. मजकूर चार ओळींचा पुरे: अमुक कार्ड २०२१ मध्ये तडजोडीने बंद झालं, उरलेली रक्कम भरून खातं ‘क्लोज्ड’ म्हणून नोंदवून घ्यायची इच्छा आहे, नेमकी किती रक्कम भरावी ते लेखी कळवावं. ६८,००० मध्ये व्याज आणि दंड बराच असणार, तेव्हा मुद्दलापुरतीच रक्कम घ्या अशी विनंतीही त्याच पत्रात करा. पुष्कळदा मान्य होते. ते खातं मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (बँकांची थकीत कर्जं विकत घेणारी कंपनी) विकलेलं असेल तर अहवालात तिचं नाव दिसेल, मग पत्र तिला. लेखी उत्तर हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नका. फोनवरच्या ‘भरा, होऊन जाईल’ला किंमत नाही. पैसे बँकेच्या खात्यातच, वसुली एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही.

ही रक्कम भरण्याची कायदेशीर सक्ती आता तुमच्यावर नाही, हेही स्पष्ट सांगतो. पण घरकर्ज घ्यायचंच असेल तर हे पैसे घालवण्यासारखे आहेत. आज बऱ्याच बँका घरकर्जाचा दर स्कोअरच्या पट्टीप्रमाणे लावतात. २५ लाख, २० वर्षं: साडेआठ टक्क्यांनी हप्ता २१,६९६ येतो, नऊ टक्क्यांनी २२,४९३. अर्ध्या टक्क्याचे महिन्याला ७९७, आणि दर तसाच राहिला तर मुदतभरात १ लाख ९१ हजार.

चौथी गोष्ट सध्याचं कार्ड. लिमिट ६०,०००, स्टेटमेंटला ४८,०००, म्हणजे ८० टक्के वापर. तुम्ही पूर्ण भरता, व्याज शून्य, मग बिघडलं कुठे? अहवालात जातो तो बहुधा स्टेटमेंटच्या दिवशीचा आकडा. तुम्ही पंधरा दिवसांनी भरलंत हे त्या दिवशी कुणाला दिसत नाही. म्हणून स्टेटमेंट निघायच्या तीन-चार दिवस आधीच ३०,००० भरून टाका. मग आकडा १८,००० दिसेल, लिमिटच्या ३० टक्के. खर्च तेवढाच, कष्ट शून्य. तुमच्या यादीतला सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे आणि तो महिन्या-दोन महिन्यांत दिसतो.

पुढे कधी अडचण आली तर ‘मिनिमम ड्यू’ची वाट मात्र धरू नका. ४०,००० चं बिल, मिनिमम २,०००. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज १,४००, त्यावर जीएसटी २५२. तुम्ही भरलेल्या दोन हजारांतून मुद्दल फिटलं ३४८ रुपये. शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. एखादा दिवस चुकला तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त थकल्याशिवाय कार्डाची थकबाकी कळवता येत नाही आणि उशिराचा दंडही लावता येत नाही.

पाचवी गोष्ट ते सात अर्ज. स्वतःचा अहवाल स्वतः कितीही वेळा बघा, स्कोअर कमी होत नाही. कर्ज देणाऱ्याने तुमच्या अर्जावरून बघितला की त्याची नोंद होते. तीन आठवड्यांत सात नोंदी बघून पुढच्या अधिकाऱ्याच्या मनात एकच येतं, या माणसाला पैशाची फार निकड आहे. आता किमान सहा महिने कुठेही अर्ज नको. ‘पात्रता तपासा’ म्हणणाऱ्या वेबसाइटवर मोबाइल नंबरही टाकू नका.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात ५९० आणि भावाचा चालू हप्ता. त्याच आठवड्यात कार्डाचं पत्र. आणि उरलेले तीन अहवालही काढा, कारण आपल्याकडे अशा कंपन्या चार आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. प्रत्येकीने वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यावा असा नियम आहे. एका अहवालात दुरुस्त झालेली नोंद दुसऱ्यात तशीच राहिल्याचं मी अनेकदा पाहिलंय आणि पुढची बँक कोणता अहवाल काढेल हे तुम्ही ठरवत नसता.

नोंद दुरुस्त झाली नाही तर कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवा, त्याच वेळी बँकेलाही लिहा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. पत्रात त्याचा नुसता उल्लेख केला तरी फाईल हलते, हा माझा अनुभव. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे दुरुस्ती दिसायला पूर्वीसारखे दोन-अडीच महिने थांबावं लागत नाही.

किती दिवसांत ७५० होईल असं कुणी तारखेनिशी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, मीही सांगणार नाही. पण तुमच्यासारख्या फायली आठ-दहा महिन्यांत मंजुरीच्या टेबलावर पुन्हा आलेल्या आणि मंजूर झालेल्या मी पाहिल्या आहेत. पुन्हा अर्ज कराल तेव्हा २०२१ चं कारण एका पानावर लिहा, आजारपणाची कागदपत्रं आणि नो ड्यूज जोडा, आणि तो कागद अधिकाऱ्याच्या हातात स्वतः द्या. स्कोअर मशीन काढतं, पण काठावरची फाईल अजूनही माणूसच वाचतो.

तुमच्या पत्नीचा स्कोअर ‘-१’ दिसतो म्हणून तुम्ही काळजीत आहात. तो वाईट नाही, त्याचा अर्थ एवढाच की तिच्या नावावर आजवर कर्जाचा व्यवहारच नाही. तिचा पगार सुरू आहे, तर २०,००० ची ठेव ठेवून त्यावर मिळणारं कार्ड तिच्या नावाने घ्या, त्यावर फक्त किराणा आणि वीजबिल, आणि पूर्ण रक्कम वेळेवर. ४६,००० पगारात पावणेबावीस हजारांचा हप्ता तसाही ओढूनताणून बसतोय. दहा महिन्यांनी ती सहअर्जदार झाली तर तुमची बाजू बरीच भक्कम होईल.

राहिलं टोकन. बिल्डरकडून वाटपपत्र घेतलं असेल तर त्यातलं रद्द करण्याचं कलम आज रात्रीच वाचा, रक्कम कपात बहुतेक वेळा दिवसांवर ठरलेली असते. मुदत मागायची असेल तर तोंडी नको, ईमेलवर मागा. आणि करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला घेता येत नाही, तेव्हा ‘आणखी दोन लाख भरा, फ्लॅट धरून ठेवतो’ असं तो म्हणाला तर आधी करारनाम्याचा मसुदा मागा, आणि ते दोन लाख सध्या कार्डाच्या त्या पत्राचं उत्तर येईपर्यंत बचत खात्यातच राहू द्या.